जयकरांच्या फायली दिल्लीत, आपल्या पेट्या रद्दीत



सोमवारी पहाटे बारामतीच्या किंवा इंदापूरच्या स्टँडवर उभे राहा. पुण्याच्या एसटीत पाठीला सॅक आणि हातात डबा घेतलेली आपल्या वस्त्यांतली दोन-चार पोरं-पोरी हमखास दिसतील. कुणी एम.ए.ला, कुणी नेट-सेटच्या तयारीला, कुणी एमपीएससीच्या. त्यातली कितीतरी जण पुढची दोन-तीन वर्षे पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात काढतात. आम्हीही काढली. सकाळी जागा धरायला पळायचो, दुपारी बाहेर डबा खायचो, रात्री शेवटी उठायचो. पण हे जयकर कोण, हा प्रश्न आम्ही कुणाला विचारला नाही आणि वर्गात कुणी सांगितलाही नाही. पाटीवरचे नाव पाटीवरच राहिले.

उत्तर फार उशिरा कळले. मुकुंद रामराव जयकर हे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्याआधी मुंबईचे नामांकित बॅरिस्टर, कायदेमंडळाचे सभासद, गोलमेज परिषदेचे प्रतिनिधी, १९३७ साली स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती आणि पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीचे सभासद. हिंदू महासभेच्या वर्तुळातही वावरलेले. आणि आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात झालेल्या पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत जयकर आहेत.

म्हणजे ज्या करारावर आपण दरवर्षी सप्टेंबरात चर्चासत्रे घेतो, ज्यावरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडतो, त्या करारावर सही करणाऱ्या माणसाच्या नावाच्या इमारतीत बसून आपण चालू घडामोडी पाठ करत होतो.

या जयकरांचे खासगी कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पत्रे, टिपणे, तारा, मसुदे यांच्या रीतसर फायली आहेत, त्यांना क्रमांक आहेत. देशविदेशातले अभ्यासक तिथे जातात, फाईल मागवतात, वाचतात आणि आपल्या पुस्तकाच्या तळटीपेत ‘जयकर पेपर्स’ असे लिहितात. मग ती पुस्तके आपल्या अभ्यासक्रमाला लागतात आणि आपण ती वाचून परीक्षा देतो.

आमचा मुद्दा या साखळीबद्दल आहे. ज्याचा कागद टिकतो, त्याच्या बाजूने इतिहास लिहायला सुरुवात होते. त्याने खोटे लिहिलेले असते असे नाही. पण पहिला शब्द त्याचा होतो, आणि आपण जन्मभर त्या पहिल्या शब्दाला उत्तर देत बसतो.

करारावर सह्या कुणाच्या, कागद कुणाचे?

पुणे कराराच्या सह्यांची यादी पुन्हा एकदा नीट वाचा. पंडित मालवीय, सर तेजबहादूर सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद, बिर्ला, ठक्कर. त्याच यादीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रावबहादूर श्रीनिवासन, एम. सी. राजा, डॉ. सोळंकी, गवई, पी. एन. राजभोज आणि क्रिकेटपटू पी. बाळू.

आता यातल्या पहिल्या गटाचे बघा. सप्रूंचे कागद कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. राजेंद्रप्रसादांचे आणि जयकरांचे राष्ट्रीय अभिलेखागारात. राजाजींचे आणि ठक्करांचे दिल्लीच्या पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात. दुसऱ्या गटाचे काय? राजभोज तर आपल्या पुण्याचे. बाळूंचे नाव क्रिकेटच्या इतिहासात आहे. त्यांनी त्या आठवड्यात कुणाला काय लिहिले, ते वाचायला कुठल्या इमारतीच्या कुठल्या खोलीत जायचे, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

याचा परिणाम काय होतो ते पाहा. शाळेच्या पुस्तकात पुणे करार येतो तो उपोषण म्हणून. एक महात्मा प्राण पणाला लावतो, देश हेलावतो, मंदिरे उघडतात, करार होतो. पण करार हा हिशेबाचा कागद आहे. जातीय निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी ७१ जागा होत्या, त्या १४८ झाल्या. मध्यवर्ती कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी १८ टक्के ठरल्या. बदल्यात स्वतंत्र मतदारसंघ गेला. त्याऐवजी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चारांतून सर्वांनी मिळून एक, अशी दुहेरी पद्धत आली. तीही जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. ही पद्धत सुचवणारे सप्रू होते. म्हणजे त्या चार-पाच दिवसांत वकील समोरासमोर बसून एकेका कलमावर घासाघीस करत होते. हे उपोषणाच्या गोष्टीत दिसत नाही. ते दिसते वकिलांच्या पत्रव्यवहारात आणि बाबासाहेबांच्या स्वतःच्या लेखनात. १९४५ साली त्यांनी ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात या कराराचा पंचनामाच मांडला. त्यांनी तो ग्रंथ लिहिला नसता, तर आपल्या हातात फक्त समोरच्यांच्या फायली उरल्या असत्या.

म्हणून जयकरांचे कागद आपल्या पोरांनी वाचले पाहिजेत. ‘सवर्णांच्या कागदात आपले काय?’ असे जे कार्यकर्ते म्हणतात, त्यांना आम्ही उलट विचारतो, बाबासाहेबांनी काय केले? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, ती तिच्यात काय लिहिले आहे ते ठाऊक असल्यामुळे जाळली. आणि पुढे ‘शूद्र पूर्वी कोण होते’ लिहिताना पुन्हा त्याच ग्रंथांच्या ओळीन् ओळी तपासल्या. न वाचता विरोध करण्याची सोय बाबासाहेबांनी आपल्याला दिलेली नाही.

एका राजीनाम्याची गोष्ट

जयकरांचा आणि आपला संबंध १९३२ साली संपत नाही. १३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. १६ डिसेंबरला जयकरांनी दुरुस्ती सुचवली, की मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी सभेत येईपर्यंत या ठरावाचा निर्णय पुढे ढकलावा. सभागृहात नाराजी पसरली. दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, बाबासाहेब बोलायला उभे राहिले आणि त्यांनी या दुरुस्तीच्या बाजूने भूमिका मांडली. ज्या भाषणानंतर काँग्रेसवाल्यांच्या बाकांवरूनही त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले, ते हेच भाषण. आपण त्याच्या क्लिप बनवतो, पण ते कुणाच्या दुरुस्तीवर होते हे आपल्या क्लिपमध्ये नसते.

पुढे जयकरांनी संविधान सभेचा राजीनामा दिला. इकडे फाळणी ठरली आणि बाबासाहेब ज्या बंगालमधून निवडून गेले होते, तिथली त्यांची जागा गेली. ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले, की संविधान सभेतील आणि समित्यांमधील डॉ. आंबेडकरांचे काम अशा दर्जाचे आहे की त्यांच्या सेवेला मुकता कामा नये, म्हणून त्यांना मुंबईतून ताबडतोब निवडून पाठवा. जयकरांच्या राजीनाम्याने मोकळी झालेली जागा त्यासाठी वापरली गेली. जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून निवडून गेले आणि ऑगस्टच्या अखेरीस मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

आता विचार करा. ‘आंबेडकरांना काँग्रेसने उपकार म्हणून घेतले’ असे म्हणणारा एखादा जण तालुक्याच्या कट्ट्यावर भेटतोच. त्याला उत्तर काय देता? आवाज चढवता, की तारीख सांगता? ३० जूनचे ते पत्र सांगते, की उपकार म्हणून नाही, कामाची गरज म्हणून बोलावले. हे उत्तर आज आपल्या हातात आहे, कारण कुणीतरी ते पत्र फाईलला लावून ठेवले. ते जपणारे आपले नव्हते. आपल्या नेत्याच्या बाजूचा पुरावासुद्धा दुसऱ्यांच्या कपाटातून काढावा लागतो, ही आपल्या चळवळीची लाज आहे आणि ती आम्ही इथे मोकळेपणाने कबूल करतो.

आपल्याच घरात काय झाले?

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड इथे झाले. त्या घरात हस्तलिखिते होती, पत्रे होती, टिपणे होती. वारसाहक्काच्या वादात ही कागदपत्रे अडकली. पुढे घर रिकामे करायची वेळ आली, तेव्हा कागद आवारात टाकले गेले आणि पावसात भिजले, हे त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. जे वाचले ते लोखंडी पेट्यांत, सरकारी ताब्यात वर्षानुवर्षे पडून राहिले. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली, १९७९ साली पहिला खंड निघाला. वसंत मून यांनी त्या पेट्यांतली पाने लावली. काही लेखांची मधली पाने नाहीत, काही प्रकरणे अर्धवट आहेत. खंडांत ‘इथे मजकूर सापडत नाही’ अशा अर्थाच्या संपादकीय टिपा येतात. त्या वाचताना आम्हाला दरवेळी तो पाऊस आठवतो.

१९८७ साली ‘रिडल्स इन हिंदुइझम’चा खंड आला तेव्हा त्यावर केवढे वादळ उठले, हे आपल्या आधीच्या पिढीला विचारा. राम आणि कृष्ण यांच्याविषयीचा भाग काढून टाका अशी मागणी झाली, खंड जाळला गेला, आणि १९८८ साली आपले लोक लाखांनी मुंबईच्या रस्त्यावर आले. तेव्हा त्या लोकांच्या हातात काय होते? बाबासाहेबांच्या हस्तलिखिताची पाने होती. ती भिजून गेली असती, तर मोर्चा कशासाठी काढला असता?

आणि आजही फार बदललेले नाही. २०२१ च्या डिसेंबरात या खंडांची छपाई रखडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. विद्यार्थी खंड मागतात आणि ‘स्टॉक नाही’ हे उत्तर घेऊन परत येतात. सरकारला दोष देऊच. पण ‘खंड छापा’ म्हणून आपण तालुक्यात किती निवेदने दिली, हेही विचारू.

चांगदेव खैरमोडे यांचे नाव नव्या पोरांना माहीत हवे. बाबासाहेब हयात असतानाच या माणसाने त्यांच्या पत्रांचे, भाषणांचे, आठवणींचे तुकडे गोळा करायला घेतले. १९५२ साली चरित्राचा पहिला खंड काढला आणि काम बारा खंडांपर्यंत गेले. ना विद्यापीठाची फेलोशिप, ना वातानुकूलित अभिलेखागार. त्यांच्यामुळे आज आपल्याकडे मराठीत बाबासाहेबांच्या आयुष्याचा दिवसागणिक तपशील आहे.

रामजी सुभेदारांची पेटी

आता एक गोष्ट सांगतो, जी आमच्या सगळ्या युक्तिवादाचे मूळ आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांचे भाषण झाले. तेच पुढे ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने पुस्तक झाले. रानडे म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मराठीसाठी झगडलेले गृहस्थ. या भाषणात बाबासाहेब सांगतात, की वडिलांचे जुने कागद चाळताना त्यांना एक अर्ज सापडला. १८९२ साली महारांची लष्करभरती बंद करणारे हुकूम निघाले, त्याविरुद्ध महार सैनिकांनी आणि अंमलदारांनी सरकारला करायचा तो अर्ज होता. चौकशी केल्यावर कळले, की अर्जाचा मसुदा रानड्यांनी करून दिला होता.

थांबा आणि नीट बघा. एका न्यायमूर्तीने लिहिलेला कागद एका निवृत्त महार सुभेदाराच्या घरात जपला गेला. रामजी सुभेदारांनी तो चुलीत घातला नाही, रद्दीत दिला नाही. घर बदलले, गाव बदलले, दापोली, सातारा, मुंबई असा संसार हलला, तरी कागद बरोबर राहिला. आणि मुलाने तो वाचला, जपला आणि पन्नास वर्षांनी पुण्याच्या सभेत, रानड्यांच्या चाहत्यांसमोर त्याची साक्ष काढली. त्याच भाषणात बाबासाहेबांनी रानड्यांना जे श्रेय द्यायचे ते दिले आणि जिथे कमी पडले तेही सांगितले. कागद हाती असला की माणूस ना भाट होतो, ना शिव्या देत सुटतो.

आपली परंपरा ही आहे. अभिलेखागार ही फक्त बॅरिस्टरांची गोष्ट आहे असे कुणी म्हणाले, तर त्याला रामजी सुभेदारांचे नाव सांगा.

बारामती-इंदापुरात काय चालले आहे?

मोठ्या गोष्टी झाल्या, आता घरातले बोलू. इंदापूर तालुक्यातल्या एका गावात आमच्या ओळखीचे एक जुने रिपब्लिकन कार्यकर्ते होते. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. सत्याग्रहाची पत्रके, पक्षाच्या पावत्या, ‘प्रबुद्ध भारत’चे अंक, गावच्या बुद्धवंदना मंडळाचे वहीत लिहिलेले ठराव. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा म्हणालो, ‘आजोबा, पुढच्या खेपेला निवांत बसून सगळं उतरवून घेऊ.’ तिसऱ्यांदा गेलो तो त्यांच्या जलदानविधीला. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक रिकामी झाली होती. सुनेने आतला कागद रद्दीवाल्याला घातला होता, किलोच्या भावाने. तिच्यावर आम्ही रागावलो नाही. त्या कागदाचे मोल तिला कुणी सांगितले होते? आम्हाला माहीत होते आणि आम्हीच ‘पुढच्या खेपेला’ म्हणालो होतो. दोषी आम्ही आहोत.

‘कागदाने पोट भरते का? चळवळ रस्त्यावर होते’ असे आमचे काही मित्र म्हणतात. त्यांना दोन गोष्टी विचारतो.

पहिली, जातपडताळणीला काय लागते? अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. मग नातवाच्या ॲडमिशनसाठी पणजोबाचा शाळेचा दाखला शोधत आपण जिल्हा परिषदेच्या शाळेचे जुने रजिस्टर उघडायला लावतो, कोतवाल बुकासाठी तहसीलला चकरा मारतो. मुलीचे वर्ष वाया गेले, नोकरी लटकली, अशी उदाहरणे प्रत्येक वस्तीत आहेत. तेव्हा कागदाने पोट भरते की नाही हे कळते.

दुसरी, जमीन. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. शेवटी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने खालसा झाली आणि ६ ब ची वतनी जमीन शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून मूळ वतनदारांना परत मिळायची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, अशी अट आहे. नीरा डाव्या कालव्याने आपल्या दोन्ही तालुक्यांत पाणी आणले, ऊस आला, कारखाने आले, आणि ज्या वतनी रानाला कुणी विचारत नव्हते त्याला एकरी भाव आला. कुणी उसनवारीत कसायला घेतले, कुणी साध्या कागदावर अंगठा घेतला, आणि आज सातबाऱ्यावर भलतीच नावे. २०२५ साली पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा कुठे अनेकांना ‘वतन म्हणजे काय’ हे गुगल करावेसे वाटले. आपल्या गावची कडईपत्रके, जुने फेरफार, चावडीतल्या वारसनोंदी यांच्या नकला किती घरांत आहेत? कोर्टात घोषणा चालत नाही. तिथे ‘कागद दाखवा’ म्हणतात.

तेव्हा जयकरांची फाईल आणि पणजोबाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक सांगते की वरच्या खोलीत आपल्याविषयी काय ठरले. दुसरी सांगते की खाली आपल्या घरापर्यंत काय पोहोचले. दोन्ही हातात असल्याशिवाय हिशेब मांडता येत नाही.

आमच्या मागण्या आणि आपले काम

विद्यापीठाकडे आमची मागणी साधी आहे. जयकर ग्रंथालय हे विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंच्या नावाने आहे. त्यांच्या कागदांपैकी पुणे करार, गोलमेज परिषद आणि संविधान सभा यांच्याशी संबंधित फायलींची मराठी सूची त्या ग्रंथालयात दर्शनी भागात मिळाली पाहिजे आणि त्यांच्या प्रती तिथल्या पडद्यावर वाचता आल्या पाहिजेत. लासुर्ण्याच्या किंवा सुप्याच्या पोरीने एका फाईलसाठी दिल्लीचे भाडे का भरायचे? राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे, तिथे सूची शोधता येते. पण ती इंग्रजीत आहे आणि कुणी बोट धरून दाखवल्याशिवाय आपल्या पोराला सापडत नाही. एम.ए., एम.फिल. झालेल्यांनी एक रविवार द्यावा आणि विहारात मोबाईलवर ती शोधायला शिकवावी.

आता स्वतःकडे. जयंतीला एका रात्रीच्या डीजेचे भाडे किती, ते तुम्हाला माहीत आहे. तेवढ्यात गोदरेजची दोन कपाटे येतात. आम्ही जयंतीच्या आनंदाच्या विरोधात नाही, आम्हीही नाचलो आहोत. पण वर्षातून एकदा, एका गावाने, एका कपाटाचे पैसे बाजूला काढावेत. प्रत्येक विहारात एक कुलूपबंद कपाट कागदांचे असावे, किल्ली दोघांकडे असावी, त्यातली एक बाई असावी. बाई यासाठी, की महिला मंडळाच्या हजेरीवह्या, बचतगटाच्या नोंदी, आज्यांच्या भीमगीतांच्या वह्या, जलशाची पदे उतरवलेली पाने हे सगळे आजवर ‘कागद’ म्हणून कुणी मोजलेच नाही.

काम कसे करायचे तेही सांगतो. मूळ कागद घरच्यांकडून हिसकावून आणू नका. घरी बसून, दिवसाच्या उजेडात, मोबाईलने पानापानाचा फोटो घ्या. फोटोबरोबर वहीत लिहा, की कागद कुणाच्या घरचा, कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, कुणी दाखवला. घरच्यांनी कागद विहाराला दिलाच, तर त्याची पावती द्या. खासगी पत्र असेल, तर विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. जुना कागद लॅमिनेट करू नका, तो कायमचा जातो. सेलोटेप लावू नका. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, दमट होतो. साध्या कागदी लिफाफ्यात, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. आणि फोटो दोन ठिकाणी साठवा, एकट्या अध्यक्षाच्या मोबाईलमध्ये नको. अध्यक्ष बदलतो, गट फुटतो, मोबाईल हरवतो.

गटाचे नाव निघालेच म्हणून स्पष्ट बोलतो. आपल्याकडे कागद नष्ट होण्याचे एक कारण गरिबी आहे, दुसरे गटबाजी. ‘हे त्यांच्या गटाचे पत्रक’ म्हणून आपण फाडून टाकतो. मेहेरबानी करून असे करू नका. ज्याच्याशी पटत नाही त्याचे पत्रक आधी जपा. वीस वर्षांनी एखादी मुलगी आपल्या तालुक्याच्या चळवळीवर प्रबंध लिहील, तिला दोन्ही बाजू लागतील.

आणि आपल्यातल्या मोठ्यांनाही विनंती. आर. आर. भोळे १९३७ साली पुण्यातून स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार झाले, पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कारभारातही होते. असे न्यायाधीश, प्राध्यापक, संस्थाचालक, अधिकारी आता आपल्यातही पिढ्यान्पिढ्या तयार झाले आहेत. त्यांनी मृत्युपत्रात घर कुणाला, जमीन कुणाला हे लिहिताना एक ओळ जास्त लिहावी, की माझे कागद कुठल्या ग्रंथालयाला द्यायचे. जयकरांचे कागद आपोआप दिल्लीला चालत गेले नाहीत. त्यांचे मोल जाणणारी माणसे आणि ते ठेवून घेणारी संस्था, दोन्ही होते. आपल्याकडे माणसे आहेत. संस्था उभी करायची आहे, आणि ती विहारातल्या एका कपाटापासून उभी राहते.

येत्या रविवारी आम्ही आमच्या गावापासून सुरुवात करत आहोत. सकाळी वंदना झाली की तिघे जण तीन घरांत जाणार, वही आणि चार्ज केलेला मोबाईल घेऊन. तुम्ही तुमच्या गावात जा. सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या घरी आधी जा. आणि ‘पुढच्या खेपेला बसू’ असे म्हणू नका.

जयभीम. नमो बुद्धाय.